निर्माल्याचा फोल्डर

"सर्व्हर चालू आहे ना गं?"

संगणक केंद्राच्या दारात चपला काढता काढता गुळवणी सरांनी विचारलं. त्या काळी केंद्रात चपला घालून यायला बंदी होती. धुळीनं यंत्रं बिघडतात म्हणून प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे अनवाणी यायचे, आणि मला देवळाच्या पुजाऱ्यासारखं वाटायचं.

"चालू आहे सर."

"बाहेरदेशातली मेल येतेय?"

"येतेय की. आत्ताच प्राचार्यांना जर्मनीहून आली."

"हं," म्हणून सर कोपऱ्यातल्या संगणकावर बसले, आपली मेल उघडली, खालीवर पाहिली आणि उठले. गेले कित्येक आठवडे रोज सकाळी हेच चाललं होतं. तेच दोन प्रश्न, तेच "हं". पुन्हा चपला घालून ते तासाला जायचे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ते पदार्थांची ताकद शिकवत. कुठला दांडा किती भार सोसेल आणि नेमका कुठे मोडेल, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय.

सांगलीबाहेरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी, सुनेत्रा मगदूम, मेल सर्व्हर सांभाळत होते. नवं शतक नुकतंच लागलं होतं. घरोघरी इंटरनेट नव्हतं, होतं तिथे फोन अडवून कुरकुरत चालायचं, त्यामुळे बहुतेक प्राध्यापकांचं सगळं जग माझ्या त्या एका काळ्या पेटीतून ये-जा करायचं. मला त्याचा फार अभिमान होता. आज आठवलं की हसू येतं, पण तेव्हा होता.

सर कुणाच्या मेलची वाट बघत होते, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक मुलगी वैजयंती, घरात वैजू, ओहायोला होती. त्या पावसाळ्यात सुमतीकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या. दुखणं सहा-सात महिन्यांचं, पण वैजूला कळवायचं नाही असं काकूंनीच बजावलं होतं. वैजूचे तिकडे राहण्याचे कागद अडकले होते, मधेच देश सोडला असता तर परतीची वाट बंद झाली असती. "कागद होऊ देत, मग सांगा," काकू म्हणाल्या. कागद झाले तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेराव्यानंतर परत जाताना उंबऱ्यावर वैजू म्हणाली होती, "बाबा, इतक्यात फोनवर बोलायला नको. तोंडातून भलतंच काही जाईल. मी लिहीन तुम्हाला." हे मला सरांनीच सांगितलं होतं, एकदा दारात चपला शोधताना. मग म्हणाले, "लिहिलं नाही तिनं अजून. तिचंही बरोबर आहे म्हणा."

सर्व्हर चालू आहे एवढंच मला सांगता येत होतं.

आता आमच्या कचऱ्याची गोष्ट सांगायला हवी.

त्या वर्षी फालतू मेलचा नुसता पूर आला होता. कुठल्या तरी आफ्रिकन राजपुत्राची इस्टेट, वजन उतरवायच्या गोळ्या, न काढलेल्या तिकिटाला लागलेली लॉटरी. प्राचार्यांनाही राजपुत्राची मेल आली आणि त्यांनी ती "योग्य कार्यवाहीसाठी" माझ्याकडे पाठवली, तेव्हा मी फिल्टर बसवायचं ठरवलं. हे फिल्टर शिकणारं होतं. त्याला स्वतःची अक्कल नव्हती. माणसं टाकून काय देतात आणि ठेवतात काय, ते बघून ते शब्दांना गुण द्यायचं. कचऱ्यात जास्त दिसणारा शब्द वाईट, चांगल्या मेलमध्ये दिसणारा चांगला. असे हजारो शब्द आणि त्यांचे गुण मिळून त्याचा डेटाबेस. नवी मेल आली की तिच्यातल्या शब्दांचे गुण बघायचे आणि आत सोडायचं की अडवायचं ते ठरवायचं. आणि बराच काळ कुणाच्याच मेलमध्ये आला नाही तो शब्द डेटाबेसमधून आपोआप गळायचा. पेटी लहान होती, सगळंच कुठे साठवणार?

मी प्रत्येकाला दोन फोल्डर दिले. 'कचरा' आणि 'चांगलं'. संध्याकाळी त्यात जे असेल ते मशीन वाचायचं, शिकायचं आणि कचरा तेवढा रिकामा करायचं. महिनाभरात राजपुत्र बंद होईल अशी माझी अपेक्षा.

झालं भलतंच. 'ही मेल अकरा जणांना पाठवा, नाही पाठवली तर अनर्थ होईल' असल्या देवादिकांच्या मेल धो धो वाहायला लागल्या आणि फिल्टर त्यांना हात जोडून आत सोडायला लागलं. शोध घेतला तेव्हा कळलं, लोक त्या कचऱ्यात टाकतच नव्हते. अकाउंट्समधल्या चौगुलेबाईंकडे गेले. त्यांच्या 'चांगलं'मध्ये तेहतीस कोटी नसले तरी त्यातले बरेचसे देव दाटीवाटीनं बसले होते.

"बाई, ह्या कचऱ्यात टाका की."

"देवाला कचऱ्यात टाकू व्हय गं?" चौगुलेबाई डोळे मोठे करून म्हणाल्या. "हात झडतील माझे. शिकलेली पोर तू, असं बोलतीस?"

एकट्या चौगुलेबाई नव्हत्या. भौतिकशास्त्राचे विभागप्रमुखही तेच करत होते, फक्त कारण सांगत नव्हते.

मी दोन दिवस डोकं धरून बसले आणि मग सगळ्यांना तिसरा फोल्डर दिला. नाव ठेवलं 'निर्माल्य'. पूजेची फुलं शिळी झाली की आपण ती केराच्या टोपलीत टाकत नाही, बाजूला काढतो आणि पाण्यात सोडतो. तसंच हे. स्टाफ मीटिंगमध्ये उभी राहून मी उघड सांगितलं की मशीनच्या लेखी हाही कचराच, ते दोन्ही एकात मोजेल, नाव तेवढं आपल्यासाठी. सगळे हसले. चौगुलेबाई म्हणाल्या, "त्याच्या लेखी असू दे काय असायचं ते. आपला हात चांगल्या जागी गेला म्हणजे झालं." दुसऱ्या दिवसापासून निर्माल्य भरभरून यायला लागलं, आणि फिल्टर शहाणं झालं. एका इरसाल माणसानं बदलून गेलेल्या प्राचार्यांची सगळी परिपत्रकंही त्यात सोडली. मला गंमत वाटली.

त्या मीटिंगला गुळवणी सर नव्हते. ते तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात काकूंच्या उशाशी होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची ती सकाळ. सर नेहमीसारखे येऊन गेले होते. जरा वेळानं फोन वाजला. आवाज लांबून, घुमत आला.

"मी गुळवणी सरांची मुलगी बोलतेय, वैजयंती. बाबा बरे आहेत ना?"

बरे आहेत, आत्ताच तासाला गेले, असं मी म्हणाले. तिकडून सुटकेचा श्वास ऐकू आला, आणि मग तिचा आवाज बदलला.

"मग ठीक आहे. मला वाटलं आजारी आहेत म्हणून उत्तर देत नाहीत. मी किती लिहिलं त्यांना. सुरुवातीला भांडले, मग माफी मागितली, मग नुसतंच लिहीत गेले. एक ओळ नाही आली. आता नाही लिहिणार. त्यांना नको असेल तर मी किती दार वाजवायचं? तुम्ही मी फोन केल्याचं सांगू नका."

"थांबा," मी म्हणाले. "मला आजचा दिवस द्या. उद्या हवं तर लिहिणं बंद करा, पण आज नको."

अडवलेली मेल महिनाभर एका जागी पडून राहायची. मी ती रोज वरवर चाळायचे, कारण दुसऱ्याची मेल उघडायची नाही हा आमचा नियम होता आणि तो मला पटलेला होता. बायकांच्या नावानं, विषय कोरा ठेवून येणारा कचरा तेव्हा शेकड्यानं असायचा. त्यातच कुठे कुठे 'वैजू' दिसली. विषय कोरा. जुन्या मेल महिना उलटून पुसल्या गेल्या होत्या, पण शेवटच्या चार अजून होत्या.

फिल्टरनं त्या का अडवल्या? ते विचारायची सोय होती. मेल न उघडता, तिच्यातले कुठले शब्द मशीनला वाईट वाटले तेवढे दाखवायचं. मी विचारलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी शब्द एकाखाली एक पडद्यावर उतरले. जेवलात. गोळी. मोटर. कुलूप. शाल. उन्हाचं. दूध.

मी बघतच राहिले. मशीनला ह्या शब्दांबद्दल तिळमात्र शंका नव्हती. राजपुत्रापेक्षा आणि लॉटरीपेक्षा 'जेवलात' हा शब्द त्याच्या मते वाईट होता.

आणि मला ते शब्द ओळखीचे वाटले. दोन वर्षांपूर्वी वैजूच्या बाळंतपणासाठी ओहायोला जायच्या आधी सुमतीकाकू दुपारी माझ्याकडे येऊन त्या कोपऱ्यातल्या संगणकावर टायपिंग शिकल्या होत्या. येताना पदराखाली शेंगदाण्याच्या चटणीची बाटली. "ही अक्षरं कुणी गं अशी विस्कटून पेरली? अ शेजारी स?" असं म्हणत एका बोटानं एकेक अक्षर टिपायच्या. मग ओहायोहून त्यांच्या मेल यायच्या, इंग्रजी अक्षरांतलं मराठी, आणि सर त्याच कोपऱ्यात बसून मला ऐकवायचे. "बघ, काय लिहिते. जेवलात का, गोळी घेतलीत का, मोटर बंद केलीत का, कुलूप ओढून बघितलंत का. अमेरिकेत जाऊन बाईला लिहायला दुसरं काही नाही." आणि उत्तर टायपायचे, 'सर्व ठीक.'

आई गेली की मुली आईचं बोलणं उचलतात. वैजूनं तेच उचललं होतं.

पण हे शब्द कचऱ्याचे कुणी ठरवले? आमच्या कॉलेजात सगळे मेल इंग्रजीतून लिहायचे. मराठीतून लिहिणारं दुसरं कोणी नव्हतंच. डेटाबेस बिघडला तर पुन्हा शिकवता यावं म्हणून मशीनला वाचायला दिलेल्या मेलची एक प्रत मी बाजूला ठेवत असे. एकदा वीज जाऊन सगळं कोसळलं होतं, तेव्हापासूनची सवय. त्यात शोधलं. काकूंच्या ओहायोच्या सगळ्या मेल तिथे होत्या. गणपती विसर्जनाच्या संध्याकाळी मशीननं वाचलेल्या. आल्या होत्या सरांच्या निर्माल्यातून.

मी सरांना बोलावणं पाठवलं.

ते आले, चपला काढल्या, आणि "सर्व्हर..." म्हणायच्या आधीच मी म्हणाले, "सर, वैजूच्या मेल आहेत. आपल्या फिल्टरनं अडवल्या होत्या. मी सोडल्यात, बघा."

सर कोपऱ्यात बसले. मी पाठ करून माझ्या पडद्याकडे बघत राहिले, पण त्यावर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मग ते म्हणाले, "सुनेत्रा, ती म्हणते, काही लिहू नका, नुसतं 'वाचलं' एवढं लिहा."

"मग लिहा ना सर."

त्यांनी लिहिलं. एक शब्द टायपायला त्यांना इतका वेळ कधी लागला नसेल. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, डोळे पुसले, आणि परत चष्मा पुसला. मला वाटलं, संपलं. देव पावला, आता उरलेलं मी गुपचूप निस्तरीन.

पण तो माणूस आयुष्यभर मोडलेल्या दांड्यांना कारण विचारत आला होता.

"का अडवल्या?"

"होतं सर असं कधी कधी. मशीनच आहे."

"कधी कधी काही होत नसतं. तुकडा मोडला तर कुठून मोडला ते सांगता आलं पाहिजे. सांग."

मी सांगितलं. कचरा, चांगलं, शब्दांचे गुण, सगळं. आणि शेवटी निर्माल्याचं. ते सांगताना माझा आवाज बारीक झाला.

बाहेर वर्कशॉपमध्ये कुणीतरी लोखंड घासत होतं.

"मला पुसता येईनात," सर म्हणाले. "आणि ठेवल्या की रोज उघडून बसायचो. सुट्टीवरून परत आलो तर हा फोल्डर दिसला. वाटलं, कुणीतरी विचार करून केलाय. गणपती जात होते त्या दिवशी सोडल्या मी त्यात. दुसऱ्या दिवशी बघितलं तर फोल्डर रिकामा. बरं वाटलं. नदीत सोडल्यासारखंच वाटलं."

"सर, त्यांची प्रत आहे माझ्याकडे. त्या मेल परत घ्या आणि 'चांगलं'मध्ये ठेवा. मशीन आज संध्याकाळी नव्यानं शिकेल. नाहीतर वैजू जे जे लिहील ते पुन्हा अडेल."

"निर्माल्य परत घरात आणत नाहीत, सुनेत्रा."

मला वाटलं होतं की ते आनंदानं धावतील. आता माझ्या लक्षात आलं की त्यांनी एकदा मन घट्ट करून जे हातावेगळं केलं होतं ते मी पुन्हा त्यांच्या ओंजळीत घालायला निघाले होते. तुमच्या जागी मी एका हुकमात करते हे काम, तुम्हाला बघायचीही गरज नाही, असं मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. नको. मग विचारलं,

"त्याला दोनच कळतात? तिसरं काही नाही?"

"नाही सर. कचरा किंवा चांगलं."

"ठेवायचंही नाही आणि टाकायचंही नाही, असं काही नाहीच त्याच्याकडे?"

"नाही."

सरांनी खुर्ची पुढे ओढली.

"मग चांगलं," ते म्हणाले. "दे परत. मी करतो."

त्यांनी दुपारचे तास दुसऱ्याला दिले, जे त्यांनी काकूंच्या आजारपणाच्या आधी कधीच केलं नव्हतं. आणि एकेक मेल उघडून, वाचून, उचलून 'चांगलं'मध्ये ठेवत गेले. एखाद्या वेळी हसायचे. एकदा म्हणाले, "हे बघ, मोटर बंद केलीत का. आणि त्या दिवशी खरंच चालू राहिली होती गं. टाकी वाहून शेजारी भांडायला आले होते. मी लिहिलं, सर्व ठीक." मधे चौगुलेबाई काहीतरी विचारायला आल्या, त्यांनी सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता आमच्यासाठी चहा सांगून गेल्या.

संध्याकाळी मशीननं वाचायला घेतलं तेव्हा सर खुर्चीवर तसेच बसून होते. काम झाल्यावर मी 'जेवलात' शब्द विचारला. चांगला, मशीन म्हणालं. सरांनी ते स्वतः वाकून वाचलं आणि मग चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी ते दारातून "सर्व्हर चालू आहे ना?" म्हणाले नाहीत. सरळ आत येऊन बसले आणि लिहायला लागले. एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी. निवृत्त झाल्यावरही त्यांचा पत्ता मी चालू ठेवला, प्राचार्यांना विचारलं नाही. बापलेकींचं ते रोजचं जेवलात का, गोळी घेतलीत का, माझ्या काळ्या पेटीतून वर्षानुवर्षं जात-येत राहिलं, आणि एकदाही अडलं नाही.

मग कॉलेजची सगळी मेल बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं ठरलं. फिल्टर आता त्यांचं, डेटाबेसही त्यांचा. आमची पेटी बंद करा असा आदेश आला. सर जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. बंद करायच्या आधी मी सहज म्हणून मशीनला विचारलं, तुला सगळ्यात चांगले वाटणारे शब्द दाखव. राजपुत्र कधीच गळून गेला होता. जुन्या प्राचार्यांचं नाव गळलं होतं, त्यांची परिपत्रकं गळली होती. पडद्यावर सगळ्यात वर आलं 'जेवलात'. खाली गोळी, मोटर, कुलूप. कुणी वापरले नाहीत तर तेही आता गळणार होते. अर्थात त्या आधी पेटीच बंद होणार होती, त्यामुळे काही फरक पडत नव्हता.

तरी मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. संगणक दोनदा बदलून गेला होता, खुर्ची तीच होती. वैजूला मेल लिहिली. इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि विषय कोरा. 'जेवलात का?' एवढंच.

सकाळी पेटी बंद करायला आले तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं. 'जेवले. तुम्ही मोटर बंद केलीत का?'

मी 'केली' असं लिहिलं, आणि मग बटण बंद केलं.